पाण्याचे विधेयक आणि तिजोरीचा आकडा

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अमेरिकेत पाणीविषयक विधेयक संसदेत आले की त्याचा केंद्रीय तिजोरीवर किती बोजा पडणार, याचा अंदाज कोण बांधते, कसा बांधते आणि त्या अंदाजाचे पुढे काय होते, हा आजचा विषय. पत्रिकेवर तो वाचून अनेकांच्या मनात आले असेल की, ओहायो आणि मिसिसिपीच्या बंधाऱ्यांचे हिशेब वैनगंगेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातल्या माणसाने कशासाठी ऐकावेत? शंका रास्त आहे. तिचे उत्तर म्हणून आधी दोन प्रकल्पांचे आकडे पाहू.

ओहायो नदीवर ओल्मस्टेड नावाच्या ठिकाणी मालवाहू बोटींसाठी बंधारा आणि लॉक बांधण्यास अमेरिकेच्या संसदेने १९८८ साली मंजुरी दिली. अंदाजित खर्च होता साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलर. बंधारा वाहतुकीस खुला झाला २०१८ साली, आणि तोवर खर्च तीन अब्ज डॉलरच्या घरात गेला होता. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) योगायोग असा की, त्याच १९८८ साली एप्रिल महिन्यात भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्याची १९८३ सालची मूळ मान्यता ३७२ कोटी रुपयांची होती. सुधारित मान्यता मिळत मिळत ती पुढे १८ हजार ४९४ कोटींवर गेली. दोन्हीकडचे अभियंते शिकलेले, दोन्हीकडचे राजकारणी मतांचे भुकेले, आणि नदी तर कोणत्याही देशात अंदाजपत्रक वाचून वाहत नाही. महागाई, भूसंपादन, बदललेले आराखडे, रेंगाळलेले काम ही कारणेही दोन्ही देशांत सारखीच. मग फरक कशात? फरक आहे तो पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतचा प्रवास कोणाच्या डोळ्यांदेखत झाला, यात.

अमेरिकेतील या व्यवस्थेचे नाव आहे 'काँग्रेशनल बजेट ऑफिस', संक्षेपाने सीबीओ. येथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. आपल्याकडील त्याच नावाच्या पक्षाशी हिचा काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे. कारण त्या नावाचा आणि काटेकोर हिशेबाचा संबंध जोडताना श्रोत्यांचा गोंधळ उडण्याची शक्यता आहे. या कार्यालयाचा जन्म ज्या भांडणातून झाला, त्यात एक मोठा धागा पाण्याचा होता. ही गोष्ट अमेरिकेतही फार कमी लोकांच्या स्मरणात आहे.

१९६९ साली क्लीव्हलँड शहरातून वाहणाऱ्या कायहोगा नदीने पेट घेतला. नदीने पेट घेणे ही कविकल्पना नव्हे. कारखान्यांच्या तेलकट सांडपाण्याचा थर पाण्यावर साचला होता आणि तो खरोखर जळाला. नद्या स्वच्छ करण्यासाठी कठोर कायदा हवा, ही भावना त्यानंतर देशभर बळावली. १९७२ साली संसदेने जलशुद्धीचा मोठा कायदा संमत केला. त्यात शहरांना सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे बांधण्यासाठी तीन वर्षांत १८ अब्ज डॉलरचे अनुदान होते, आणि प्रत्येक केंद्राच्या खर्चाचा पाऊण हिस्सा वॉशिंग्टन उचलणार होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १७ ऑक्टोबर रोजी या विधेयकावर नकाराधिकार वापरला. उद्देश चांगला, पण हा खर्च देशाला परवडणारा नाही, असे त्यांचे म्हणणे. संसदेने दुसऱ्याच दिवशी तो नकाराधिकार मोडून काढला. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध १२, प्रतिनिधिगृहात २४७ विरुद्ध २३. निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षाचे कितीतरी सदस्य त्यांच्या विरोधात गेले.

कायदा झाला, पण प्रश्न सुटला नाही. निक्सन यांनी पैसा सोडायचेच नाकारले. पहिल्या वर्षाच्या पाच अब्जांपैकी दोन अब्ज आणि दुसऱ्या वर्षाच्या सहा अब्जांपैकी तीन अब्ज एवढेच राज्यांना वाटा, असा आदेश त्यांनी दिला. संसदेने मंजूर केलेला निधी सरकारने अडवून ठेवायचा, हा प्रकार इतरही खात्यांत चालला होता. पण पाण्याच्या बाबतीत तो सर्वांत उघड होता. न्यूयॉर्क शहर न्यायालयात गेले. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याने ठरवलेली रक्कम कमी करण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, असा त्याचा आशय होता.

दरम्यान १९७४ साली संसदेने अंदाजपत्रकाचा नवा कायदा करून निधी अडवण्याच्या या प्रथेला लगाम घातला. (ते भांडण मात्र कायमचे मिटले नाही. २०२५ साली ट्रम्प प्रशासनाने मंजूर निधी रोखल्यावरून तेच सारे प्रश्न पुन्हा उभे राहिले.) त्याच कायद्याने संसदेला स्वतःचे हिशेबनीस दिले. तोवर कोणत्या योजनेला किती खर्च येईल, हे संसदेला सरकारी खात्यांकडूनच कळत असे. निक्सन एक आकडा सांगत, विधेयकाचे प्रवर्तक दुसरा सांगत, आणि सदस्यांनी आपापल्या पक्षाकडे पाहून विश्वास ठेवायचा. ही परावलंबी स्थिती संपवण्यासाठी सीबीओ स्थापन झाले आणि न्यायालयाच्या त्या निर्णयानंतर आठवड्याच्या आतच, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलिस रिव्हलिन यांनी त्याच्या पहिल्या संचालिका म्हणून सूत्रे हाती घेतली. आठ वर्षांत त्यांनी डेमोक्रॅट कार्टर यांना दुखावले आणि रिपब्लिकन रेगन यांनाही. कार्यालयाने आकडा सांगायचा, सल्ला द्यायचा नाही, ही परंपरा त्यांनी पाडली. विधेयक संमत करा किंवा फेटाळा, असे वाक्य सीबीओच्या अहवालात सापडत नाही.

आता प्रत्यक्ष अंदाज कसा बांधतात ते पाहू. येथे थोडे थांबावे लागेल, कारण खरी गंमत तपशिलात आहे.

अमेरिकेत नद्या, बंदरे, पूरनियंत्रण यांची मोठी कामे लष्कराचे अभियंता दल करते. त्या कामांना मंजुरी देणारे जलसंपत्ती विकास विधेयक काही वर्षांच्या अंतराने संसदेत येते. समितीने विधेयक पुढे पाठवले की सीबीओने त्यावर खर्चाचा अंदाज द्यायचा, असे कायदाच सांगतो. पण मंजुरी म्हणजे पैसा नव्हे. आधी एका कायद्याने काम मंजूर होते आणि नंतर दरवर्षीच्या विनियोजन कायद्याने त्यासाठी पैसा मिळतो, किंवा मिळत नाही. म्हणून सीबीओ आपल्या अंदाजात एक अट स्पष्ट लिहिते. मंजूर रकमांइतका निधी संसदेने वेळोवेळी दिला, असे गृहीत धरले तर खर्च इतका होईल. विधेयक संमत होताच तेवढे पैसे तिजोरीतून जातील, असा त्याचा अर्थ होत नाही. वृत्तपत्रांचे मथळे मात्र नेमकी ही अट गाळतात, आणि त्या बाबतीत तिकडचे आणि इकडचे पत्रकार भाऊभाऊच आहेत.

दुसरी पायरी वेळेची. धरणाला मंजुरी मिळाली म्हणून पहिल्याच वर्षी सारा पैसा खर्च होत नाही. आराखडा, सर्वेक्षण, जमीन, निविदा आणि मग खोदाई. अभियंता दलाच्या आधीच्या कामांत पहिल्या वर्षी किती टक्के, तिसऱ्या वर्षी किती, सातव्या वर्षी किती खर्च झाला, याची जुनी नोंद काढून त्या गतीने नवी रक्कम वर्षावर्षांत पसरवली जाते. तिसरी पायरी वाटणीची. १९८६ साली रेगन यांच्या काळात झालेल्या कायद्याने स्थानिक संस्थांवर खर्चाचा हिस्सा टाकला. पूरनियंत्रणाच्या कामात तो पुढे किमान ३५ टक्के झाला. सीबीओचा मुख्य आकडा केवळ केंद्राच्या हिश्शाचा असतो. राज्यांवर आणि नगरपालिकांवर नवे बंधन लादले जात असेल, तर ते सांगण्याची जबाबदारी १९९५ च्या स्वतंत्र कायद्याने सीबीओवर आली. वॉशिंग्टनने पिण्याच्या पाण्याचे निकष कडक करायचे आणि नवे शुद्धीकरण यंत्र गावच्या नगरपालिकेने घ्यायचे, याला लहान शहरे कंटाळली होती.

चौथी गोष्ट कर्जाची. २०१४ सालच्या कायद्याने पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या मोठ्या प्रकल्पांना केंद्राकडून स्वस्त दीर्घमुदतीचे कर्ज देण्याची योजना आली. शंभर डॉलर कर्ज दिले तर तिजोरीला खर्च किती? शंभर म्हणावे तर ते परत येणार आहेत. शून्य म्हणावे तर काही बुडतील आणि व्याजातही सवलत आहे. १९९० च्या पतसुधारणा कायद्याप्रमाणे पुढील सर्व वर्षांच्या येणी-देणीचे आजचे मूल्य काढून जो निव्वळ तोटा उरतो, तोच खर्च धरायचा. पाणीपुरवठा संस्था सहसा कर्ज बुडवत नाहीत. त्यामुळे हा खर्च कर्जाच्या रकमेच्या जेमतेम एक-दोन टक्क्यांवर येतो आणि थोड्या तरतुदीत प्रचंड कर्जे देता येतात.

पण याच योजनेत हिशेबाने कायदाच वाकवल्याचेही उदाहरण आहे. नगरपालिका जे करमुक्त रोखे काढतात, त्यांवरील व्याजाचा कर सरकारला मिळत नाही. केंद्राचे कर्ज मिळाले की नगरपालिका उरलेल्या रकमेसाठी अधिक करमुक्त रोखे काढणार आणि तेवढा महसूल बुडणार, अशी वजावट अंदाजात धरली गेली. हा आकडा विधेयकाच्या अंगाशी येऊ नये म्हणून, ज्या प्रकल्पाला हे कर्ज मिळेल त्याला करमुक्त रोखे वापरता येणार नाहीत, अशी अट कायद्यात घातली गेली. परिणामी ज्या शहरांसाठी योजना होती, त्यांनाच ती नकोशी झाली. २०१५ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका कायद्याद्वारे ती अट काढून टाकावी लागली.

बुडणारा महसूल हाही खर्चच, ही दृष्टी मात्र अचूक आहे आणि भारतीय मनाला ती परकी वाटू नये. नवा तलाव किंवा बंधारा बांधणाऱ्याला पाच वर्षे करमाफी आणि पडके काम दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोजून सांगितले आहे. सवलत द्यायची, पण मुदत ठरवून. त्याच ग्रंथात हिशेबाचे स्वतंत्र खाते आहे, 'अक्षपटल'. आणि अधिकारी राजाचे द्रव्य किती प्रकारांनी गिळतात, याची गणना चाळीसपर्यंत नेली आहे. हे ज्ञान आपल्याकडे नव्हते म्हणून आपली धरणे महागली, असे कोणी म्हणू नये.

या आकड्यांनी अमेरिकेत उधळपट्टी थांबली का? नाही. २००७ सालचे जलसंपत्ती विधेयक हे त्याचे ठळक उदाहरण. प्रतिनिधिगृहाचा मसुदा सुमारे १५ अब्ज डॉलरचा होता आणि सिनेटचा सुमारे १४ अब्जांचा. दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून तडजोड केली. चौदा आणि पंधरा यांच्या मध्ये कोठेतरी आकडा येईल, असे कोणीही म्हणेल. तडजोडीतून बाहेर पडले ते विधेयक २३ अब्जांचे होते! दोन्ही मसुद्यांतील कामे ठेवली गेली आणि काही नव्यानेही घातली गेली. सीबीओने अंदाज दिला की, पहिल्या पाच वर्षांत सुमारे ११ अब्ज आणि पुढील दहा वर्षांत सुमारे १२ अब्ज. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमका हाच मुद्दा मांडून नकाराधिकार वापरला. संसदेने तो मोडून काढला. सिनेटमध्ये विरोधात अवघी १४ मते. बुश यांच्या कारकिर्दीत मोडला गेलेला हा पहिला नकाराधिकार. आपापल्या मतदारसंघातल्या नदीपुढे पक्षनिष्ठा वाहून गेली.

असे असेल तर आकड्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की, ज्याने मत दिले त्याने २३ अब्ज हा आकडा समोर असताना दिले. 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय त्याला उरली नाही. २०२१ साली पायाभूत सुविधांचा मोठा कायदा आला. त्यात शिशाचे जुने नळ बदलण्यासाठीच १५ अब्ज डॉलर होते. या कायद्याचा खर्च पूर्णपणे भरून निघतो, असा दोन्ही पक्षांतील प्रवर्तकांचा दावा होता. सीबीओने सांगितले की, दहा वर्षांत तूट २५६ अब्जांनी वाढेल. विधेयक तरीही संमत झाले आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष बायडेन यांची स्वाक्षरी झाली. शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम पाहता तो पैसा वाया गेला, असे म्हणता येणार नाही. पण तो उसना पैसा होता, हे लिहून ठेवले गेले.

सीबीओच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. त्याचा हिशेब मुख्यतः दहा वर्षांच्या खिडकीतून पाहतो. टेक्सासच्या किनाऱ्यावर वादळी लाटा अडवण्यासाठी २०२२ साली मंजूर झालेला सुमारे ३४ अब्ज डॉलरचा प्रकल्प बांधायला दशके लागणार आहेत, म्हणजे त्याचा बराच खर्च त्या खिडकीबाहेर पडतो. दुसरे म्हणजे बंधाऱ्याचा मूळ खर्च सीबीओ काढत नाही, तो अभियंता दलच काढते. ओल्मस्टेडला नदी न अडवता, मोठमोठे काँक्रीटचे भाग काठावर ओतून ते वाहत्या पाण्यात बसवण्याची पद्धत स्वीकारली गेली. ती स्वस्त पडेल असे वाटले होते, प्रत्यक्षात ती फार महाग पडली. वॉशिंग्टनमध्ये बसलेला कोणताही हिशेबनीस हे आधी सांगू शकला नसता.

आणि तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. हा हिशेब काम केल्याचा खर्च सांगतो, काम न केल्याचा सांगत नाही. १९६५ साली बेट्सी चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. त्यानंतर पाँटचार्ट्रेन सरोवराच्या बाजूने शहराला पूररोधक बांध घालण्याचे संसदेने मंजूर केले. तेव्हाचा अंदाज साडेआठ कोटी डॉलरचा आणि मुदत सुमारे १३ वर्षांची. म्हणजे १९७८ पर्यंत काम संपायला हवे होते. कधी तांत्रिक अडचण, कधी न्यायालयाची मनाई, कधी स्थानिक विरोध, कधी अपुरा निधी. २००५ साली अंदाज ७३.८ कोटी डॉलरवर गेला होता आणि पूर्णतेची तारीख २०१५ सांगितली जात होती. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले. सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत वृद्ध फार होते, घरातून बाहेर पडू न शकलेले. भिंतींच्या रचनेतच दोष होते, असे पुढे अभियंता दलाच्याच चौकशीतून निघाले. त्यामुळे केवळ पैशाअभावी शहर बुडाले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण चाळीस वर्षे अपुरे राहिलेले आणि सदोष असूनही तपासले न गेलेले काम अखेर जे मागते, ते न्यू ऑर्लिन्सला द्यावे लागले. नंतरच्या नव्या संरक्षणव्यवस्थेवर १४ अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला.

विधेयकांत कामे भरत जाण्याचा आणि या दिरंगाईचा जवळचा संबंध आहे. अमेरिकेत मंजूर झालेली पण निधीअभावी अडलेली अभियंता दलाची कामे सुमारे १०० अब्ज डॉलरची असल्याचे गेल्या काही वर्षांत सांगितले जात आले आहे. सर्वांना थोडे थोडे दिले की कोणतेच काम वेळेत पुरे होत नाही. ज्यांनी विदर्भातले आणि मराठवाड्यातले अर्धवट कालवे पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता पुन्हा ओल्मस्टेड आणि गोसीखुर्द. १९८६ च्या त्या अमेरिकन कायद्यात एक कलम आहे. मंजूर प्रकल्पाचा खर्च महागाई वगळून २० टक्क्यांहून अधिक वाढला, तर अभियंता दलाला पुढे काम करता येत नाही. पुन्हा संसदेपुढे यावे लागते. त्यामुळे ओल्मस्टेडची मर्यादा साडेसत्त्याहत्तर कोटींवरून २ अब्ज ९१ कोटी ८० लाख डॉलरवर नेण्यासाठी कायदा करावा लागला. तो कसा झाला, हे मात्र काही आदर्श नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन सरकारचे कामकाज सोळा दिवस बंद पडले होते. ते सुरू करणाऱ्या घाईच्या विधेयकात ही वाढ गुपचूप घातली गेली. पण छापील कायद्यात आकडा होता, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांनी तो शोधून काढला आणि केंटकीच्या वजनदार सिनेटरला त्यावरून उत्तरे द्यावी लागली.

आपल्याकडे हीच गोष्ट 'सुप्रमा' या तीन अक्षरांत होते. सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. प्रस्ताव खात्याचा, छाननी शासनाचीच, मान्यता शासनाची किंवा मंत्रिमंडळाची. विधिमंडळापुढे येतो तो त्या वर्षीच्या मागणीचा एकत्रित आकडा आणि अधिवेशनात दोन-तीन दिवसांत संमत होणाऱ्या पुरवणी मागण्या. एका प्रकल्पाचा खर्च मूळच्या पन्नास पट झाला, यावर एकाही आमदाराला होय किंवा नाही असे मत द्यावे लागत नाही. २०१२ साली महाराष्ट्रात सिंचनावर गदारोळ उठला, श्वेतपत्रिका निघाली, जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. २०१४ साली त्याचा अहवाल आला. पण हे सर्व पैसा खर्च झाल्यानंतरचे. महालेखापरीक्षकांचे काम मोलाचे असले तरी ते घडून गेलेल्या गोष्टीचे परीक्षण असते.

राज्यघटनेने याचा विचारच केला नाही, असेही नाही. एकत्रित निधीतून खर्च करावा लागणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीविना सभागृहाला संमत करता येत नाही, असे अनुच्छेद ११७ सांगतो. राज्यांसाठी तीच तरतूद अनुच्छेद २०७ मध्ये आहे. लोकसभेच्या ६९ व्या नियमानुसार प्रत्येक खर्चिक विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडावे लागते, आणि त्यात आवर्ती व अनावर्ती खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. म्हणजे आकडा देण्याचा नियम आहे. पण तो आकडा लिहितो तो विधेयक आणणारा विभागच. निक्सन यांच्या काळात अमेरिकन संसदेची जी तक्रार होती, तिथेच आपण आहोत. शिवाय आपल्याकडील पाण्याची मोठी कामे विधेयकातून जन्मतच नाहीत. ती मंत्रिमंडळाच्या निर्णयातून येतात, त्यामुळे ६९ वा नियम त्यांना स्पर्शही करत नाही.

जलजीवन मिशन पाहा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा केली, तेव्हा नळजोडणी असलेली ग्रामीण घरे ३ कोटी २३ लाख होती. २०२५ पर्यंत ती १५ कोटींच्या वर गेली. डोक्यावरचा हंडा उतरलेल्या कोट्यवधी माताभगिनींना या आकड्याचा अर्थ कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा अधिक कळतो. मूळ अंदाज ३ लाख ६० हजार कोटी रुपयांचा होता, त्यात केंद्राचा वाटा २ लाख ८ हजार कोटींचा. २०२४ ची मुदत उलटली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. मुदत वाढली की खर्च वाढतो, आणि नळ बसल्यानंतर टाकी, पंप, वीजबिल, दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतो. तो किती असेल, हे सरकारच्या बाहेरच्या पण संसदेच्या आतल्या एखाद्या यंत्रणेने सुरुवातीलाच मांडले असते, तर योजनेला कमीपणा आला नसता. उलट, आज ज्या गावांत नळ आहे पण पाणी अनियमित येते, तेथील सरपंचाला २०१९ सालीच कळले असते की पाणीपट्टी किती आकारावी लागेल. आपल्या विचारांच्या सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे विरोध करणे नव्हे. घरचा हिशेब घरच्यांनीच आधी पाहावा, एवढीच यामागची भावना.

वित्तीय उत्तरदायित्व कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंह समितीने २०१७ सालीच स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस केली, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने ती पुन्हा मांडली. केंद्राच्या पातळीवर तो विचार जेव्हा व्हायचा तेव्हा होवो. राज्याला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. ठरावीक मर्यादेपलीकडची प्रत्येक सुप्रमा, तिच्या कारणांसह आणि पुढील पाच वर्षांच्या निधीच्या गरजेसह, विधिमंडळाच्या पटलावर ठेवून तिच्यावर वेगळे मतदान घ्यावे, असा नियम करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. त्या कागदावर स्वतंत्र टिपण लिहायला माणसे मात्र लागतील, आणि ती पाटबंधारे खात्याच्या पगारावर नसावीत.

अमेरिकेच्या त्या कार्यालयात पावणेतीनशेच्या आसपास माणसे आहेत. २०२४ साली त्याला मिळालेली तरतूद सात कोटी डॉलरची होती, ओल्मस्टेडच्या १९८८ सालच्या मूळ अंदाजाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला एवढी माणसेही लागणार नाहीत. धरणाचे अंदाजपत्रक वाचता येणारे पाच-सहा निवृत्त अभियंते, तितकेच लेखापाल आणि एक-दोन अर्थशास्त्राचे प्राध्यापक पुरतील. त्यांच्या टेबलांपुरती जागा मुंबईच्या विधानभवनात निघेल, आणि नागपूरच्या विधानभवनात तर अधिवेशनाचे दिवस सोडले तर वर्षभर निघेल.